नानांची बोलणारी म्हैस

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

आमचे वडील, नाना, मागच्या आठवड्यात गेले. दहावा व्हायचा आहे, म्हणून शिंदखेड्याच्या घरी टीव्ही बंद आहे. आज धुळ्याहून त्यांचे एक मित्र भेटायला आले. नव्वदच्या दशकात हे मित्र तिथे केबल चालवायचे. जुन्या कॅसेटवरची एक जाहिरात त्यांनी पेनड्राइव्हमध्ये आणली होती. सरकीच्या ढेपेची, हाताने काढलेल्या कार्टूनची. त्यातल्या म्हशीला आवाज नानांचा! आमच्याकडे त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही.

"सुतकमा टीव्ही?" आत्याने डोळे वटारले.

"लाव भाऊ," आई नानांच्या मित्राला म्हणाली. "माले त्यास्ना आवाज ऐकना शे."

पडद्यावर म्हशीने मान वळवली. "मालक, पहिले ढेप दे, मंग दूध माग!"

अगदी नानाच! सगळ्यात आधी आत्याच हसली. "भूक लागनी का भाऊ आस्साच वरडे!"

आईने ती जाहिरात पुन्हा पुन्हा लावायला सांगितली.

जळगावच्या केबलवर केळीच्या एका जाहिरातीत नाना माकडही झाले होते म्हणे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तेव्हाची कॅसेट असेल का? आई आत्तापासूनच त्या माकडाबद्दल विचारते आहे.