पोळ्याच्या दिवशी गेलेली बाग

आमच्या घरासमोरची बाग गेली, त्याचा राग मला अजून येतो. नगरपालिकेवर येतो, कापसावर येतो, पण सगळ्यांत जास्त येतो तो आमच्याच आळीतल्या शहाण्या माणसांवर.

बाग म्हणायची इतकंच. वाशीमला आमच्या दारासमोर नगरपालिकेची मोकळी जागा होती. एका कडेला मोठाले कडुनिंब, त्यांच्या सावलीत विहीर, विहिरीभोवती कण्हेर, जास्वंद आणि कुणाकुणाच्या हातचा मोगरा. बाकी सगळं मैदान. दुपारची जेवणं उरकून माणसं शेतावर नाहीतर दुकानावर गेली, की आम्ही बाया तिथे जाऊन बसायचो. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. घरात डोक्यावरचा पदर ढळू द्यायची सोय नव्हती, आणि मोठ्यानं हसायची तर मुळीच नव्हती. निंबाखाली मात्र पदर खांद्यावर यायचा आणि जीभ मोकळी सुटायची. शेजारच्या जैन दुकानदाराची बायको चिमण्यांसाठी ज्वारी आणायची आणि ती टाकता टाकता आपल्या सासूची अशी नक्कल करायची, की हसून हसून पोट दुखायचं. दिवसातला तेवढाच वेळ माझा असायचा. बाकीचा सगळा घराचा.

मग बातमी आली. कापसाचा बाजार वाढला होता, बैलगाड्या उभ्या करायला जागा पुरत नव्हती, आणि आमच्या बागेवर डोळा होता. अकोल्याहून साहेब जागा बघायला येणार होता. आळीतली माणसं आमच्या ओसरीवर जमली. माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्यांचे पुढारी.

"सायबाले पोळ्याच्या दिवशीच बोलवा," मामाजी म्हणाले. "आपला पोळा याच जागेवर भरते. देवाधर्माच्या जागेले सरकार हात लावत नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराआड उभी होते. मामाजींशी मी थेट बोलत नसे, म्हणून सासूबाईंच्या कानाला लागले: साहेबाला एखाद्या दुपारी येऊ द्या, बाया-लेकरं बसलेली दिसू द्या. सासूबाईंनी ते धीर करून सांगितलंही. मामाजी नुसते हसले. "सायेब बायकाईच्या गप्पा आयकाले येते का? त्या दिवशी बायाईनं घरातच राहावं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तिडीक गेली म्हणून काय करणार, पोळ्या लाटायला बसले.

पोळ्याच्या दिवशी दोन निंबांच्या मधे आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. झुली घातलेले, शिंगांना बेगड लावलेले बैल रांगा धरून उभे होते. साहेबासाठी खुर्ची मांडली होती. आम्ही सासू-सुना खिडकीच्या फटीतून बघत होतो. पोळा खरोखरच देखणा भरला होता, ते मी नाकारत नाही.

साहेब उठला, रांगांमधून फिरला आणि सोबतच्या कारकुनामार्फत विचारू लागला. इथे किती जोड्या मावतात?

आमच्या माणसाला बैलाबद्दल काही विचारलं, की त्याचा ऊर भरून येतो. मग तो कशासाठी जमला होता हेही विसरतो. "दोनशे जोड्या सहज मावतात, सायेब," मामाजी म्हणाले. "अजून आल्या तरी काही अडत नाई."

गाडीला वळायला जागा आहे का? "गाडी का, रांगच्या रांग वळते." पाण्याचं कसं? "इहीर भर उन्हाळ्यात आटत नाई. कितीबी जनावरं येऊ द्या." पावसात चिखल होतो का? "मुरमाड जमीन हाय सायेब. चिखलाचं नाव नाई."

खिडकी उघडून ओरडावं, अहो, थांबा, असं वाटलं. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. त्यांनाही कळलं होतं. बाहेर त्या एवढ्या पागोट्यांमधे एकालाही कळलं नाही.

तोरण तुटलं, बैल घरी आले. मी त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी भरवली. मामाजी खुशीत होते. "सायेब लय खूश झाला," ते सासूबाईंना सांगत होते. "म्हणे अशी जागा सगळ्या तालुक्यात नाई."

दिवाळीच्या आधी हुकूम आला. जागा जनावरांच्या वापरातली आहे, जमीन पक्की आहे, पाणी बारमाही आहे, तेव्हा कापसाच्या गाड्या इथेच उभ्या राहतील. पोळा दर वर्षी तिथेच भरवावा, त्याला कुणाची हरकत नाही. मामाजींनी जे मागितलं होतं, ते त्यांना मिळालं होतं.

फुलझाडं पहिल्याच आठवड्यात बैलांनी खाल्ली, नाहीतर चाकांखाली गेली. गाड्यांना अडतात म्हणून निंबही तोडले. कापसाच्या दिवसांत अंगण पांढरं व्हायचं, शेणामुताचा वास घरात शिरायचा, आणि गाडीवाल्यांच्या आरोळ्यांनी मामाजींची दुपारची झोप मोडायची. ते ओसरीवर बसून नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडायचे. साहेबानं आपल्याला फसवलं, असं येईल-जाईल त्याला सांगायचे. मला वाटायचं, समोर जाऊन एकदाच विचारावं, तो काय खोटं बोलला? पण तेवढी हिंमत माझ्यात कुठली. शेजारीण तिच्या घरात, मी माझ्या घरात, दोघींच्या दारासमोर शंभर गाड्या. महिना महिना आमचं तोंड एकमेकींना दिसत नसे.

एका दुपारी मामाजींना झोप लागेना. मी पाण्याचा तांब्या दाराशी ठेवून वळले, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. माझ्याशी थेट ते क्वचितच बोलत.

"सूनबाई, तुमी बाया आता दुपारी कुठी बसता?"

मी या घरात आल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. दाराआडूनच म्हटलं, "बसत नाई."

"बरं करता," मामाजी म्हणाले आणि कुशीवर वळले. "तशीबी तिथं आता गाडीवाल्याईची लय गर्दी रायते."