रेकॉर्डमध्ये न मावलेलं कडवं

शेजारी गाणारा माणूस असला की किस्से जमवावे लागत नाहीत. गिरणीतल्या पिठासारखे आपोआप अंगावर येऊन बसतात. हा किस्सा तर गिरणीतच अंगावर बसला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. रांगेत पुढची बाई सांगत होती, "सुखदेवची रेकॉर्ड निघाली म्हन्ते, पन तिच्यात सुखदेवच..." आणि गिरणीचा पट्टा सुरू झाला! माझं दळण होईस्तोवर बाई डबा उचलून गेली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

*

सुखदेव माझा भिंतीला भिंत शेजारी. भीमगीतं गायचा, तोंड असं भरधाव की केनवडला एका म्हाताऱ्यानं मधेच हात वर केला.

"बापू, जरा दम खा. मी अजून पयल्याच कडव्यात आहो."

गाणं अर्धा तास चालायचं. शेवटच्या कडव्यात त्याचं नाव यायचं, गावाचं यायचं, आणि आईचंही. आई म्हणजे पंचफुलामावशी, डोळ्यांनी अधू. पण ते कडवं ऐकल्याशिवाय जागची हलायची नाही.

*

रेकॉर्ड काढायला मुंबईत गेला, तर कंपनीच्या साहेबानं घड्याळ दाखवलं. तीन मिनिटं! सुखदेवनं जीव तोडून गाणं पळवलं. लाल दिवा विझला तेव्हा शेवटचं कडवं तोंडातच होतं. रेकॉर्डवर नाव छापलं ते पेटी वाजवणाऱ्या बुवांचं, पुढं 'आणि पार्टी'.

शेलूबाजारच्या पानवाल्यानं ते वाचून विचारलं, "याच्यात तू कुठी हायेस?"

"पार्टीत," सुखदेव म्हणाला.

*

जयंती जवळ आली. मंडळवाले म्हणाले, यंदा रेकॉर्डच लावू. तिचा घसा बसत नाही, तिला घडीघडी चहा लागत नाही. सुखदेवकडं खुर्च्यांचं काम दिलं.

भिंतीपलीकडचा रियाज बंद झाला. मला राहवलं नाही. विचारलं, काहून गाऊन नाही राह्यला?

"ते गाऊन राह्यली ना काकू, रेकॉर्ड."

*

जयंतीला त्यानं खुर्च्या मांडल्या, आईला पहिल्या रांगेत बसवलं. सुई टेकली. आवाज त्याचाच, शब्द न् शब्द त्याचा. गिरणीतली बाई तेवढ्यापुरती खोटी ठरली.

गाणं संपलं, सुई खरखरली, लोक उठले. मावशी उठेना.

"चाल, आई."

"थांब. तुयं नाव यायचं हाय अजून."

"रेकॉर्ड संपली, आई."

मावशीनं त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"मंग पुन्हा लावाले सांग. या खेपेले पोचशीन तू."