डेल्मरच्या नावावरचा चेंडू

डेल्मर क्रुपिच्का आमच्या कॉलेजकडून चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला. ते सगळे सामने रेडिओवर मी सांगितले, आणि त्या चार वर्षांत मी त्याचं नाव फक्त एकदा घेतलं. तेही शिवी हासडावी तसं.

आता यात सगळा दोष माझाच होता असं नाही. डेल्मर सेंटर होता. सेंटरने फळीच्या मधोमध वाकून उभं राहायचं, दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरून येणारा शंभर किलोचा गडी अंगावर घ्यायचा. मागे कुणीतरी तो चेंडू घेऊन पळतो. मग त्याचे यार्ड मोजतात, त्याच्या नावाने बँड वाजतो. सेंटरचं कुणी काही मोजत नाही. त्याने चिखलातून उठायचं आणि पुन्हा वाकायचं. मीही इतरांसारखाच चेंडूमागे पळत होतो. पळणाऱ्याला वाट कोण करून देतंय, हे बघायची अक्कल मला म्हातारपणी आली.

गेल्या वर्षी कॉलेजच्या हॉल ऑफ फेमसाठी नावं मागवली. हॉल कसला, व्यायामशाळेच्या दारातली एक भिंत आणि तिच्यावर पितळी पाट्या. पण नेब्रास्कातल्या आमच्यासारख्या गावात त्या भिंतीवर नाव लागणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मी डेल्मरचा अर्ज भरायला घेतला आणि 'आकडे' या रकान्यापाशीच अडलो. लिहिणार काय? शेवटी तो कोराच ठेवला आणि त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांचे पत्ते शोधून काढले. अकरा जणांना पत्रं टाकली. नऊ जणांची उत्तरं आली.

एक होता कॅन्ससचा निवृत्त पोलीस. त्याने लिहिलं, "सामन्याहून घरी गेलो की आई विचारायची, कुठल्या ट्रकखाली आला होतास? मी म्हणायचो, ट्रक नव्हता गं, क्रुपिच्का होता. आणि वर हा माणूस पाडल्यावर हात देऊन उठवायचा. त्याच्यावर राग धरायचा तरी कसा?" दुसरा आता पाद्री आहे. त्याचं पत्र दोनच ओळींचं: "चार वर्षांत मी त्याला एकदाही जागचा हलवू शकलो नाही. त्यानंतर देवाच्या मार्गाला लागलो."

हसता हसता मी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. असा माणूस माझ्या डोळ्यांसमोर चार वर्षं खेळला होता.

अडचण एकच होती. चौऱ्याहत्तर सालचा शेवटचा सामना. तो परगावी होता. आमची पोरं बसने गेलेली, आणि सगळं गाव रेडिओला कान लावून बसलेलं. आम्ही तीन गुणांनी पुढे होतो, दोन मिनिटं उरली होती. जिंकलो असतो तर कॉलेजच्या इतिहासातलं पहिलं अजिंक्यपद. वरून बर्फाचं पाणी पडत होतं. चेंडू मागे द्यायचा आणि मागच्याने तो लांब लाथाडायचा, एवढंच काम होतं. तो चेंडू लाथ मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, घरंगळत आमच्याच हद्दीच्या टोकाला पोचला, आणि समोरच्या संघाचे तीन जण त्याच्यावर पडले, म्हणजे त्यांना सहा गुण. सामना गेला. मी माइकमध्ये ओरडलो, "चौपन्न नंबर! डेल्मर क्रुपिच्का! चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस रे!"

ते वाक्य गावाला चिकटलं. अजूनही चर्चच्या जेवणात कुणाच्या हातून वाडगं निसटलं की लोक म्हणतात, "क्रुपिच्का केलास की!" डेल्मर तिथेच बसलेला असतो आणि सगळ्यांत मोठ्याने हसतो. धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायच्या काट्यावर त्याने चाळीस वर्षं काढली. मक्याच्या दिवसांत तो अजूनही मदतीला जातो. प्रत्येक हंगामात कुणीतरी खिडकीतून ओरडतंच, "डेल्मर, काटा घट्ट धर, निसटेल!" त्यावर याचं ठरलेलं उत्तर, "निसटला तर तुझ्याच पायावर टाकीन, थांब जरा!"

निवड मंडळाचा प्रमुख रोलंड टिट्झ मला म्हणाला, "वर्लिन, माणूस सोन्यासारखा आहे रे. पण उद्या पोरं त्या भिंतीसमोर उभी राहून विचारतील, हा तोच ना? असं कर, त्या सामन्याची फिल्म मिळते का बघ. बाकीचा खेळ तरी दिसू दे सगळ्यांना."

फिल्म मिळाली. आमच्या जुन्या प्रशिक्षकाच्या मुलीने तळघरातून शोधून दिली. सकाळी स्वयंपाकघरात बसून मी ती लावली आणि त्या चेंडूपर्यंत येऊन थांबलो. चौपन्न नंबर वाकलेला होता. पण पाय काटकुळे होते. डेल्मरच्या पोटऱ्या दुधाच्या कॅनएवढ्या.

मी पुन्हा पाहिलं. मैदानाच्या कडेला, बर्फाच्या पाण्यात, एक आडदांड गडी उभा होता. खांद्यांवर नुसती संरक्षक गादी, अंगात जर्सी नाही. उजवा हात काखेत दाबून धरलेला.

मी कपाळाला हात लावला. फळीतल्या मधल्या पाच जणांचे नंबर पन्नास ते एकोणऐंशीमधलेच लागतात, तसा नियमच आहे. डेल्मरच्या हाताला लागलं होतं, आणि माझ्या जुन्या यादीत त्याच्या बदली पोराचा नंबर होता त्र्याऐंशी. आमच्या गरीब कॉलेजकडे जादा जर्सी कुठली? डेल्मरने आपली काढून त्याच्या अंगात घातली. पंचाला सांगितलंही असेल, पण वर धुकं धरलेल्या काचेमागे बसलेल्या मला कोण सांगणार? माझ्यासमोर कागद होता. कागदावर चौपन्नपुढे क्रुपिच्का लिहिलं होतं. मी नंबर वाचला आणि माणूस फासावर दिला.

ते त्र्याऐंशी नंबरचं पोर म्हणजे लोवेल व्हान्स. पुढे तो आमचा डॉक्टर झाला. अर्धं गाव त्याच्या हातांनी जन्माला आलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याची बायको नदीन डेल्मरच्या घरापासून दोन घरं सोडून राहते. (नावं मी सगळी बदलली आहेत, गावही सांगणार नाही. शोधायच्या भानगडीत पडू नका.)

मी तडक काट्यावर गेलो.

"डेल्मर, जर्सी तू काढून दिली होतीस."

"कुठली जर्सी?"

"सोंग करू नकोस. फिल्म बघून आलोय मी."

तो खुर्चीत मागे रेलला. मग म्हणाला, "दोन बोटं मोडली होती. अंगठ्याजवळची. चेंडू धरताच येईना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लोवेल बसमध्ये बॅग कवटाळून बसला होता. म्हणत होता, कॉलेज सोडतो, सकाळी घरी जातो. मी उठून सगळ्यांना सांगितलं, जर्सी माझी होती, म्हणजे चेंडूही माझा. बाहेर कुणी ब्र काढायचा नाही."

"आणि मी रेडिओवर तुझ्या नावाने बोंबललो!"

"तू तर माझं काम सोपं केलंस."

चाळीस पोरं होती त्या बसमध्ये. पन्नास वर्षांत एकानेही चकार शब्द काढला नव्हता. असल्या माणसासाठीच लोक तोंड बंद ठेवतात. मला त्याच्याकडे धड बघवेना.

"शनिवारी मंडळाला फिल्म दाखवतो," मी म्हणालो. "भिंतीवर तुझी जागा आहे, डेल्मर. पहिली जागा."

"दाखवणार असशील तर माझा अर्ज परत घे."

"अरे, पण का?"

"लोवेल मेलाय. त्याला उत्तर देता येणार नाही. आणि नदीन रोज त्याच्या थडग्यावर फुलं ठेवून येते. तिला हे कशाला?"

मी खूप हुज्जत घातली. तो हलला नाही. त्या पाद्र्याला काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी मी मंडळाला फिल्म मिळाली नाही म्हणून सांगितलं. नऊ पत्रं वाचून दाखवली. पाद्र्याच्या पत्राला सगळे हसले, पोलिसाच्या पत्राला गप्प झाले. मग मतं पडली. बाजूने तीन, विरुद्ध चार. रोलंडने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तो एक चेंडू नडला, वर्लिन. नाहीतर मीही हात वर केला असता." मी मूग गिळून बसलो. आयुष्यभर बोलून पोट भरलं, पण गप्प बसणं इतकं कधी जड गेलं नव्हतं.

बातमी सांगायला मी डेल्मरच्या घरी गेलो. आर्लिसने, त्याच्या बायकोने, मला बसवूनच घेतलं. राजमा-खिम्याची तिखट चिली वाढली, सोबत दालचिनीचे गरम रोल ठेवले.

"किती मतं?" तिने विचारलं.

"तीन."

"त्या चेंडूपायी ना?"

मी मान हलवली.

"रेडिओवर तुझ्याच तोंडून ऐकलं होतं मी ते. आमच्या गोठ्यात, दूध काढता काढता," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून कळत नाही. तुझ्या हातून कधी काही सुटत नाही. मग तो चेंडू कसा सुटला रे?"

माझा चमचा वाडग्यातच राहिला. म्हणजे हिलासुद्धा सांगितलं नाही?

डेल्मरने रोलचा तुकडा मोडला, चिलीत बुडवला.

"हात ओला होता गं," तो म्हणाला. "किती वेळा सांगू?"

फिल्म मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. तरी तो हे इतक्या सहज बोलला की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.