आधी थांबवून दाखव

आमच्या विक्रोळीच्या इमारतीत पाण्याचा टँकर आला की शलाका गावडे हातातलं काम टाकून खाली उतरायची. पाइप जोडणाऱ्याला म्हणायची, "सोडायचं नंतर बघू. आधी बंद करून दाखव." तो बिचारा कॉक फिरवून दाखवायचा, मग पाणी. तोवर अख्खी इमारत खोळंबलेली. सेक्रेटरी वैतागायचे, "अगं, पाणी आहे ते, तेल नाही." त्यावर ही शांतपणे म्हणायची, "तेल असतं तर तुम्हाला इथे उभं राहूच दिलं नसतं, काका."

तेल हाच शलाकाचा आणि माझा धंदा. मोठं तेलवाहू जहाज बंदरात शिरू शकत नाही, तेव्हा भर समुद्रात त्याच्या कुशीला लहान जहाज आणायचं, मध्ये धक्का झेलणारे रबरी फेंडर टाकायचे, दोरांनी जखडायचं आणि होज, म्हणजे जाड नळी, जोडून ह्यातलं तेल त्यात घ्यायचं. दोन्हीकडे कप्तान असतात, पण ह्या कामापुरता दोघांना सांभाळणारा तिसरा माणूस लागतो. लग्नातल्या भटजीसारखा, फक्त इथे नवरानवरीला एकमेकांवर आदळू द्यायचं नाही. शलाका बरीच वर्षं ह्या कामात दुय्यम होती आणि मी तिचा मदतनीस. शेवटी अंधेरीच्या ऑफिसातल्या साहेबांनी तिला एक काम स्वतंत्र दिलं. वर बजावलं, "हे धड झालं तर पुढची कामं तुझी. कप्तानाची तक्रार आली तर परत दुसऱ्याच्या हाताखाली." कप्तान नाराज होणार हे मला तेव्हाच दिसत होतं. मी ह्या बाईला लहानपणापासून ओळखतो.

तिचा मामा देवगडला मासेमारी करायचा. सुट्टीत गेली की वाळूत डांबरासारखे तेलाचे गोळे, जाळं काळं, आणि मामा रॉकेलचं फडकं घेऊन जाळं पुसत बसलेला. "कुठल्या जहाजाचं तेल ते त्याला कधी कळलंच नाही रे," ती म्हणायची. "शिव्या घालायच्या तरी कोणाला?" सुरक्षेचे नियम आम्हा सगळ्यांनाच पाठ असतात. धोका दिसला की कोणीही काम थांबवावं, हाही नियमच आहे. प्रत्यक्षात खलाशी अधिकाऱ्याचं तोंड बघतो, अधिकारी कप्तानाचं, आणि तोवर वाट लागलेली असते. शलाकाचा सगळा राग ह्या तोंडं बघण्यावर.

त्या स्वतंत्र कामाच्या दिवशी दोरांवर नजर ठेवायला इब्राहीमभाई होते. रत्नागिरीचे, निवृत्तीला आलेले, अत्यंत भिडस्त. तेल अजून हळूहळू सोडलेलं असतानाच शलाका त्यांना म्हणाली, "इब्राहीमभाई, थांबवा."

"मी?"

"दोर तुम्ही बघताय ना? मग शब्दही तुमचा."

ते वॉकीटॉकीत 'स्टॉप' असं काही पुटपुटले की शेजारी उभ्या असलेल्या मलाही नीट कळलं नाही. "देवगडला ऐकू गेलं पाहिजे," शलाका म्हणाली. मग मात्र त्यांनी असा आवाज काढला की दोन्ही जहाजांवरची माणसं दचकली. पंप थांबले, झडपा बंद झाल्या. बाईसाहेब खूश.

दुपारी समुद्र फुगायला लागला. ठरलेल्या मर्यादेत होता, म्हणून काम चालू होतं. अचानक इब्राहीमभाईंचा आवाज आला, "स्टॉप." सगळं बंद. आम्ही दोर न् दोर तपासला, एकही दुखावलेला नव्हता. एक दोर लोखंडाला घासून करकरला होता, इतकंच. मोठ्या जहाजाचा कप्तान भडकला. "मॅडम, आपका आदमी डर गया, और टाइम मेरा गया," असं म्हणून त्यानं थेट अंधेरीला फोन लावला. पाठोपाठ साहेबांचा फोन आला, "शलाका, त्या माणसाला तिथून हलव आणि मिटव हे."

"सर, त्यांना आज हलवलं तर उद्या कोणी तोंड उघडणार नाही."

"मग तुझं तू बघ," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मी म्हटलं, "यार शलाका, हलव ना. इतकी वर्षं घासलीस ती ह्यासाठी का?"

"सुध्या, ओरडला म्हणून माणूस हलवायचा, तर त्याच्या जागी काय बुजगावणं उभं करू?" असं म्हणून तिनं वॉकीटॉकी उचलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इब्राहीमभाई, शाबास. पुन्हा शंका आली तर पुन्हा थांबवा. कोणाला विचारू नका." बोंबला, म्हटलं मी मनात. गेली हिची बढती.

काम पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं इब्राहीमभाई पुन्हा ओरडले. ह्या खेपेला आवाजात जराही संकोच नव्हता. पंप थांबले, झडपा बंद झाल्या आणि जहाजाच्या पुढच्या टोकाचा जाडजूड दोर फाटकन तुटला. त्याच्या फटक्याच्या टप्प्यात कोणी उभं राहायचं नाही हे तिनं सकाळीच बजावलं होतं, म्हणून कोणाला खरचटलंसुद्धा नाही. जहाजं एकमेकांपासून सरकली, होज ताणला गेला, पण आत दाब उरला नव्हता. बाकीचे दोर टिकले. आम्ही कठड्यावरून वाकून पाहिलं. पाण्यावर तेलाचा साधा तवंगही नव्हता. मला नाचावंसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मी नाचलो.

कप्तानानं येऊन दोराचं तुटलेलं टोक हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, वो आदमी वहीं रहेगा. और आप भी." होज रिकामा करून सोडवला, समुद्र शांत होईपर्यंत थांबलो, नवा दोर बांधला आणि उरलेलं तेल थेंबही न सांडता पोचतं केलं. कप्तानानं स्वतः फोन करून तक्रार मागे घेतली आणि पुढच्या वेळी हिलाच पाठवा म्हणाला. साहेबांनी शब्द पाळला.

आम्ही विक्रोळीला परतलो, तर शलाकाची आई जिन्यातच पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी. शेजारच्या कांबळेकाकूंनी पेढा घेतला, पण त्यांना काही उलगडेना. "बातम्यांत तर काहीच आलं नाही हो. नेमकं झालं तरी काय समुद्रात?"

"काय्येक झाला नाय," आई लेकीकडे बोट दाखवत मालवणीत म्हणाली. "जा होवचा होता, ता माझ्या चेडवान होऊक दिल्यान नाय. घ्या, आणखी एक घ्या."