शेवटच्या कडव्यातलं नाव

त्याने मला दोनदा फसवलं. पहिल्यांदा मुंबईत, आम्ही विशीत असताना. दुसऱ्यांदा गेल्या महिन्यात, रत्नागिरीत, भरल्या सभागृहात.

साठच्या दशकात आमचा चौघांचा बँड होता. हॉटेलांत, ख्रिश्चन लग्नांत इंग्रजी रॉक वाजवायचो. मी गिटारवर, आमचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर मीच जुने रेडिओ फोडून बनवला. तो गायचा. तो संगमेश्वरकडचा, गणपतीत जाखडीचा नाच करणाऱ्यांच्या घरातला. मराठी गाणं आम्ही एकच केलं. चाल माझी, शब्द त्याचे. जाखडीच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या कडव्यात त्याने स्वतःचं नाव ओवलं. दोन नावं त्यात मावत नाहीत, म्हणाला. मी पडलो शहरातला. वाटलं, असेल शोभेपुरतं. पण गावाकडे ज्याचं नाव कडव्यात, त्याचंच गाणं. ते वाडीवाडीत नाचलं गेलं आणि चालीसकट त्याचं झालं.

आता कॉलेजच्या मुलांनी ते मोबाइलवर पसरवलं, म्हणून त्याचा सत्कार ठरला. गिटार हवी म्हणून तो माझ्याकडे आला. बँड मोडल्यावर मी इथे रत्नागिरीत आंब्याच्या धंद्यात पडलो, जन्मभर भाव केलाय. अट घातली: आधी माइकवर सांगायचं, चाल कोणाची.

तो हसला. "मेल्या, एवढ्यासाठी साठ वर्षं कुजलास?"

पण कबूल झाला.

सत्कारात त्याने आईचे आभार मानले, गुरूचे मानले, मग माझ्याकडे नुसता हात केला. "आणि साथीला आमचे जुने मित्र."

साथीला.

मी गिटारच्या गळ्यावरचा कॅपोचा चिमटा चार घरं वर सरकवला. तो काळी एकमध्ये गातो. मी त्याहून बऱ्याच वरच्या पट्टीत, पांढरी चारमध्ये सुरुवात केली. पहिल्या कडव्यात त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. दुसऱ्यात आवाज फाटला. पुढच्या रांगेत त्याच्या बायकोने मान खाली घातली, मागे मुलं हसली. मी पट्टी उतरवली नाही, उलट लय वाढवली. शेवटचं कडवं तो धापा टाकत नुसतं बोलला. स्वतःचं नाव मात्र स्वच्छ उच्चारलं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

तेव्हापासून त्याचा फोन बायको उचलते. घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, म्हणते. मी म्हटलं, वहिनी, हात शाबूत आहेत ना त्याचे? मग चाल कोणाची ते एका ओळीत लिहून देऊ दे. नाहीतर का देत नाही, ते लिहू दे.