हंगामी वसतिगृहातले शुगर ग्लायडर

आमच्या वसतिगृहात एक हंगाम काढला की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. अपुरी रजिस्टरं आणि किस्से. रजिस्टरं वरून मागतात. किस्से कोणी मागत नाही, म्हणून तुमच्यासमोर बसले की ते सांगते.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय, तर मानोऱ्याच्या आजूबाजूच्या तांड्यांवरचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला दूर निघून जातात, आणि त्यांच्या मुली शाळेच्या दोन खोल्यांत आमच्याकडे राहतात. मी अधीक्षक. स्वयंपाकाला इंझोरीच्या शेवंताबाई. गेल्या हंगामात मुली होत्या बावीस, आणि शुगर ग्लायडर दोन.

*

ते आणले अकोल्याच्या एका साहेबांनी. दरवर्षी वह्या देतात. गेल्या वर्षी वह्यांऐवजी पिंजरा आला. मुलगी शिकायला कोट्याला गेली, घरात कोणाला वेळ नाही, म्हटलं तुमच्या लेकरांना सोबत होईल, असं म्हणाले. फोटो काढला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. गाडी गेली.

पिंजऱ्यात मुठीएवढे दोन राखाडी जीव एकमेकांत डोकं खुपसून बसलेले. डोळे मोठे, पाठीवर काळा पट्टा. पुढच्या-मागच्या पायांत कातडीचा पडदा असतो, उडी मारली की तरंगत जातात. दिवसभर झोपतात, अंधार पडला की जागे.

दुसरीतल्या पूजाने नाव विचारलं. मी सांगितलं.

"मॅडम, शुगर म्हंजे साखर न?"

"हो."

"मंग हे कारखान्यावरून आले असन. यायले माही माय दिसली असन."

*

पहिल्या आठवड्यात मी हात आत घातला. पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा घरघर आवाज झाला आणि बोटातून रक्त आलं. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, प्रेम द्या त्यांना, प्रेम."

मग आसेगावकडच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मी बैल आणि बकऱ्या पाहतो, पण थांबा, वाचून सांगतो. तासाभराने त्यांनी खरंच सांगितलं. पकडायचं नाही. रोज त्याच वेळी शेजारी जाऊन गप बसायचं. तळहातावर फळाचा तुकडा ठेवायचा, आणि आला नाही तर हात ओढायचा नाही. "अनोळखी घरात आणून टाकलेलं जनावर आहे. भरवसा बसायला महिने लागतील."

फोन स्पीकरवर होता. शेवंताबाई कणीक मळत ऐकत होत्या.

"पोरींच्या टायमाले हे कोणी नाही सांगतलं आपल्याले," त्या म्हणाल्या.

*

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. ग्लायडरांच्या झोपायच्या पिशवीत वापरलेलं, न धुतलेलं कापड ठेवा, माणसाचा वास ओळखीचा होतो. मी माझी ओढणी ठेवली. सकाळी ती पिंजऱ्याबाहेर लोंबत होती. रोज जंतुनाशकात धुणारी मी, वास कसला येणार.

एक मोठी मुलगी म्हणाली, पूजाच्या पेटीत तिच्या मायचं पोलकं आहे, दिवाळीपासून धुतलेलंच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलं आहे. हे ऐकताच पूजा पेटीवर जाऊन बसली. मी म्हटलं, एकाच रात्रीपुरतं दे.

"नाही देत. त्यायनं वास घेतला तं संपून जाईन."

मी पुन्हा विचारलं नाही. शेवटी शेवंताबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. फोडणीचा आणि चुलीच्या धुराचा वास. दोघंही त्यात गुरफटून झोपले. पुढे शेवंताबाईंचं पाऊल वाजलं की ते जाळीला येत. अधीक्षकाला मात्र ओळख देत नसत.

*

पूजाच्या आईचा फोन दर रविवारी माझ्या मोबाईलवर यायचा. उसाच्या फडातून, मागे ट्रॅक्टरचा आवाज. पहिल्या महिन्यात पूजा नुसती रडायची. दुसऱ्या महिन्यात पाढे म्हणून दाखवायची. तिसऱ्या महिन्यात मी फोन पुढे केला तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सांगा, पूजा झोपली म्हनून."

सकाळचे अकरा वाजले होते. मी तसंच सांगितलं. पलीकडून तिची आई म्हणाली, "झोपू द्या मंग. उठवू नका." त्यानंतर पूजा फोनवर आलीच नाही.

*

ब्लँकेटं मी दिवाळीपासून मागत होते. प्रस्ताव वर गेला आहे, असं उत्तर मिळायचं. जानेवारीत तपासणीला एक अधिकारी आले. न्हाणीघर लांबूनच पाहिलं, रजिस्टरावर सही केली आणि पिंजऱ्यापाशी थांबले. म्हणाले, हा तिकडे ऑस्ट्रेलियाकडचा प्राणी ना, याला थंडी सोसत नाही.

चौथ्या दिवशी हीटर आला. सोबत कागद, 'पिंजऱ्यासाठी'.

शेवंताबाईंनी पिंजरा उचलून मुलींच्या खोलीत मधोमध ठेवला. उरलेला हिवाळा बावीस मुली त्याच्याभोवती गोल करून निजल्या. ते दोघं रात्रभर जागे, मुलींचे श्वास ऐकत. महिनाभरात दार उघडलं की ते गोधड्यांवरून फिरू लागले. डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, एवढ्या लवकर भरवसा कशाने बसला?

मी म्हटलं, "हीटरनं."

*

फेब्रुवारीत साहेब पुन्हा आले. मोबाईलवर कोट्याहून त्यांची मुलगी. तिला तिचे कँडी आणि टॉफी पाहायचे होते. साहेबांनी नावं घेतली, शीळ घातली, मग हात आत घातला. गिरणी सुरू झाली. दोघंही लुगड्याच्या तुकड्यात शिरले ते बाहेर आलेच नाहीत.

"राहू द्या पप्पा," मुलगी म्हणाली. "ते विसरले आपल्याला."

फोन ठेवून साहेब माझ्यावरच चिडले. तुम्ही यांच्या सवयी बिघडवल्या, म्हणाले. मी म्हटलं, मग घेऊन जा परत. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीत जागा नाही म्हणाले.

सात सीटची गाडी होती. आले होते साहेब आणि ड्रायव्हर.

*

एप्रिलमध्ये ट्रक आला. आया उतरल्या, मुली धावल्या, व्हरांड्यात नुसता गलका. पूजाची आई सगळ्यात मागून आली. काळी पडलेली, वाळलेली, हाताला उसाच्या पानांचे चिरे आणि उसाचा गोडसर वास. पूजा स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. आईने दोनदा हाक मारली. ती हलली नाही.

"मॅडम, पोरगी बिमार हाये काय?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, नाही, थोडा वेळ द्या. तिने गाठोडं मांडीवर घेतलं आणि व्हरांड्यातच बसली, शेजारी पिंजरा होता तिथे. बाकीच्या मुली पेट्या बांधून निघत होत्या. ऊन उतरलं, अंधारून आलं, तरी दोघी आपापल्या जागी.

पिंजऱ्याचं दार साफसफाईसाठी उघडं राहिलं होतं. त्यातला एक बाहेर आला. तिच्या गुडघ्यावर चढला, तिथून हातावर, आणि तिचं मनगट चाटू लागला. माझ्या तळहातावर यायला त्याला चार महिने लागले होते.

बाई घाबरून लाकडासारखी ताठ झाली. हात झटकावा की नाही ते तिला कळेना. ती पूजाकडे पाहत राहिली.

पूजाने चौकट सोडली. दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"हालू नको," ती आईला म्हणाली. "हालली तं तो पयून जाईन."