आंब्याखालची पट्टी

आमचं विरळ झालेलं लॉन दाट करायला दरवर्षी दिवाळीनंतर तो मालवणी माळी येतो. दाताळ्यानं माती खरवडतो, बी फेकतो आणि खाली कुणी झोपलंय अशा बेतानं पावलं टाकतो. आंब्याखालची माणूसभर लांबीची पट्टी तेवढी सोडतो. "थंय नको." बी न टाकताही गवत सगळ्यात दाट तिथंच.

यंदा तो चहा पीत असताना मीच तिथं मूठभर बी टाकलं. त्यानं कप ठेवला, गुडघ्यांवर बसून दाणा न दाणा वेचला आणि गाऱ्हाणं घातलं, "नेणत्याची चूक झाली आसा, पदरात घे, म्हाराजा."

रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"तुका खंय इचारलंय?"

त्यानं गवताला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"सांगतंय तेका," तो गवताला म्हणाला, आणि मला काहीच न सांगता निघून गेला.